ऐन सामन्यात टीव्ही का जातो? केबल की डीटीएच ठरवताना या चुका टाळा

गोव्यात केबल घ्यायची की डीटीएच, हे आयपीएलच्या तोंडावर, मार्च-एप्रिलात ठरवू नका. कोरड्या हवेत दोन्ही झकास दिसतात. प्रीमियर लीग ऑगस्टात सुरू होते, फुटबॉलचा विश्वचषक बहुधा जून-जुलैत येतो. म्हणजे ऐन पावसाळ्यात. निवड त्या दिवसांचा विचार करून करायची.

डीटीएच, म्हणजे घरच्या छोट्या डिशवर थेट उपग्रहाकडून येणारी सेवा, केयू बँडवर, साधारण 11-12 गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालते आणि जोरदार सर हा सिग्नल अडवते. केबलवाल्याच्या मोठ्या डिश बहुतेक चॅनेल सी बँडवर, 4 गिगाहर्ट्झच्या आसपास घेतात. तिथे पावसाचा त्रास नगण्य. म्हणून केबलच बरी? घाई नको. माडाचे चुडत (झावळी) तारांवर पडून वाड्यावरची, म्हणजे वस्तीतली वीज गेली, की केबलचा सिग्नल वाढवणारा खांबावरचा बॅकअप नसलेला ॲम्प्लिफायर बंद पडतो. मग तुमच्या घरात इन्व्हर्टर असूनही उपयोग नाही. शेजारचा डीटीएचवाला मात्र इन्व्हर्टरवर सामना बघत असतो. म्हणून केबलवाल्याला चॅनेलची यादी मागण्याआधी विचारा: वीज गेल्यावर लाइन किती वेळ चालते?

दुसरी चूक दिशेची. समुद्राकडे, पश्चिमेला तोंड असलेल्या गॅलरीत डिश चालत नाही. टाटा प्ले या डीटीएच कंपनीचा उपग्रह 83 अंश पूर्व रेखांशावर आहे. गोव्यातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे 69 अंश उंचीवर येतो. एअरटेलचा 108.2 अंशांवर, म्हणजे आणखी पूर्वेकडे आणि जेमतेम 47 अंश उंच. त्या बाजूला शेजाऱ्याचे माड असतील, तर एअरटेलच्या डिशला अडथळा होण्याची शक्यता जास्त. माड वाढतो, हेही धरून चाला.

‘पाऊस आला की जातो’ म्हणून हातावर हात ठेवून बसणे ही सगळ्यात महागडी चूक. सर ओसरल्यावर काही मिनिटांत चित्र परत आले, तर दोष पावसाचा. रिमझिमीतही जात असेल, तर दोष डिशचा. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीत प्लास्टिकच्या प्लगवर बसवलेला स्टँड सैल होतो. 60 सेंटिमीटरची डिश अंशभर सरकली, तरी उन्हाळ्यात चित्र नीट दिसते, कारण राखीव सिग्नल असतो. पावसाला हवा असतो तो नेमका हाच राखीव. स्टँड काँक्रीटमध्ये, लोखंडी अँकर बोल्टने बसवा.

सेट टॉप बॉक्सच्या मेनूत सिग्नलचे दोन आकडे दिसतात. स्ट्रेंग्थ भरपूर पण क्वालिटी कमी असेल, तर डिशचा कोन बघा. दोन्ही शून्य असतील, तर एलएनबी (डिशसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा भाग), वायर किंवा कनेक्टर तपासा. खाऱ्या हवेत वायरच्या टोकाचा एफ-कनेक्टर हिरवा पडतो: बॉक्स बंद करा, वायरचे टोक कापून नवा क्रिम्प कनेक्टर लावा, वर वॉटरप्रूफ रबर टेप गुंडाळा, आणि एलएनबीखाली वायरला झोळ द्या म्हणजे पाणी तिथून टपकेल, आत शिरणार नाही.

दुसऱ्या खोलीसाठी केबलचा साधा स्प्लिटर डीटीएचला लावू नका. बॉक्स एलएनबीला 13 किंवा 18 व्होल्ट देऊन चॅनेलचा गट निवडतो; दोन बॉक्स एकाच वायरवर भांडतात. ट्विन एलएनबी आणि दोन स्वतंत्र वायरी लागतात. केबलला स्प्लिटर चालतो, पण दर फाट्याला सिग्नलचे साधारण साडेतीन-चार डेसिबल जातात आणि बॉक्स दोन लागतातच.

एचडी चॅनेल वेगळा घ्यावा लागतो, हे पॅक ठरवतानाच बघा. प्रक्षेपणाचे हक्कही फिरतात: 2018 चा फुटबॉल विश्वचषक सोनीवर होता, 2022 चा स्पोर्ट्स18 वर. वर्षभराचा पॅक एका स्पर्धेच्या नावावर घेऊ नका.

आणि डीडी स्पोर्ट्स आहेच, या भरवशावर राहू नका. 2007 च्या कायद्याने महत्त्वाच्या सामन्यांचा सिग्नल दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला मिळतो, पण 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार तो फक्त तिच्या स्वतःच्या जाळ्यावर दाखवायचा. त्यामुळे भारताचा एकदिवसीय सामना चालू असताना केबलवरच्या डीडी स्पोर्ट्सवर दुसराच कार्यक्रम दिसू शकतो. तो फुकट बघायचा तर 93.5 अंशांवर रोखलेली डीडी फ्री डिशची, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत डीटीएच सेवेची, वेगळी डिश आणि बॉक्स लागतो. मासिक भाडे नाही.