बाहेरदेशी जायचंय? पॉइंट नंतर मोजा, आधी कार्डाचा मार्कअप पाहा

कोणाची पोरगी जर्मनीत शिकते, कोणाचा भाऊ दुबईत कामाले आहे, तर कधी नं कधी तिकडं जाणं होतेच. मंग ट्रॅव्हल कार्ड घ्याचं म्हटलं की सगळे पॉइंट, माईल्स (विमान तिकिटासाठी वापराचे पॉइंट) अन् विमानतळावरच्या फुकट लाउंजच्याच गोष्टी करतात. त्या राहू द्या बाजूले, आधी फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परदेशी चलनातल्या खर्चावर बँक लावते तो जादा आकार, किती ते पाहा.

आपल्या साध्या कार्डावर परदेशात खर्च केला की बँक बहुतेक २ ते ३.५ टक्के मार्कअप लावते, वरून त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १ लाखाच्या खर्चावर ३.५ टक्क्यानं ३५०० अन् जीएसटी ६३०, झाले ४१३० रुपये. अन् पॉइंट किती मिळाले? १ टक्क्याचं कार्ड असन तर हजार रुपयाचे! तेही पॉइंट कशात वळवता त्यावर भाव ठरते. म्हणून वर्षातून एखाद्या वेळी जाणाऱ्यानं झिरो मार्कअपवालं कार्ड शोधावं, पॉइंट कमी असले तरी चालते.

आता आपली खरी अडचण अशी की शेतीच्या उत्पन्नावर टॅक्स नाही म्हणून आयटीआर नाही, सॅलरी स्लिप तर नाहीच, अन् सातबारा दाखवून ट्रॅव्हल कार्ड कोणी देत नाही, काही बँका तर पिनकोड टाकल्यावरच नाही म्हणतात. त्याले उपाय एफडीवरचं कार्ड. कापसाचा चुकारा आला की थोडे पैसे एफडीत टाका, लिमिट त्या हिशोबानं भेटते, व्याजही चालू राहते अन् बिल वेळेवर भरलं तर सिबिलही बनते. यातही झिरो मार्कअपवाले आहेत, आयडीएफसी फर्स्टचं वॉव त्यातलंच, फक्त घेताना सध्याचे चार्जेस वाचून घ्या. कार्ड चालू आहे तोवर एफडी अडकून राहते, हे ध्यानात ठेवा.

गावात स्वाइप मशीन शोधूनही सापडत नाही, कृषी केंद्रापासून किराण्यापर्यंत क्यूआर कोडच. म्हणून इथल्यासाठी रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयले जोडा, पण यूपीआय खर्चावर पॉइंट किती ते आधी विचारा, काही बँका कमी देतात. बाहेर नेताना मात्र व्हिसा किंवा मास्टरकार्ड खिशात ठेवा. लाउंजचं म्हणाल तर बऱ्याच कार्डांवर आता आधी ठरावीक खर्च केला तरच आत सोडतात, त्यासाठी वर्षाची फी भरणं मले तरी पटत नाही.

ज्याचा पगारच दिरहममध्ये होते त्यानं तिकडं तिकडचंच कार्ड वापरावं, अन् गावी आला की इथलं.

परदेशात दुकानदारानं मशीनवर रुपयात की तिथल्या चलनात विचारलं तर रुपये म्हणू नका, त्यात रेट महाग पडते. एटीएममधून क्रेडिट कार्डानं कॅश तर काढूच नका, फी वेगळी अन् बहुतेक कार्डांवर व्याज पहिल्या दिवसापासून.

निघण्याआधी ॲपमध्ये इंटरनॅशनल व्यवहार चालू करा, नवीन कार्डावर ते बंदच असते, लिमिटही तिथंच ठरवा. ओटीपी येणारं सिम रोमिंगवर पाह्यजे, नाहीतर ऑनलाइन तिकीट काढताना अडकाल. परत आले की इंटरनॅशनल बंद करून टाका.