बुलेटमध्ये नट पडला? वॉशर मोजा

कार्बोरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) काढताना नट इनलेटच्या, म्हणजे ते मिश्रण इंजिनात शिरतं त्या भोकात गेला असेल, तर आधी पाना खाली ठेवा आणि किकपासून लांब व्हा. किकला पाय, गुडघा, पँटचा पायचा, काहीही लागता कामा नये. मी लिहितोय ते जुन्या कास्ट आयर्न बुलेट 350 बद्दल. 70 बाय 90 मिलिमीटरचं 346 सीसी इंजिन, लोखंडी बॅरल (सिलिंडर), वर अॅल्युमिनियमचं हेड. नवीन इंजिनवाल्यांनी आपापलं बघावं. मागच्या पावसाळ्यात मी हा उद्योग करून बसलो. नट दहा मिनिटांत बाहेर आला, मी खूश. त्याच्याखालचा स्प्रिंग वॉशर मात्र आतच राहिला, आणि तो मला आठवलासुद्धा नाही.

तेव्हा वॉशर. नट नव्हे, वॉशर. पुढे हे पुन्हा पुन्हा येणार आहे, कंटाळू नका.

गाडी डबल स्टँडवर घ्या, सपाट जागी. चावी काढून खिशात घाला. गिअर न्यूट्रलला हवा, कारण गिअरमध्ये असलेली गाडी कोणी प्रेमाने जरा पुढे ढकलली तरी इंजिन फिरतं. आमच्याकडे हे काम शेजारचे काका करतात, "इथून जरा बाजूला घेतो" म्हणत. त्यांना आधीच सांगून ठेवा. इंजिन का फिरू द्यायचं नाही? इनलेटची वाट आत उतरत जाते आणि तळाशी व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, बसलेला असतो. व्हॉल्व्ह बंद असेल तर नट त्याच्या पाठीवर नुसता पडून राहतो, विहिरीत कोरड्या पायरीवर पडलेल्या तांब्यासारखा. इंजिन फिरलं, व्हॉल्व्ह उघडला, की तांब्या पाण्यात. मग हेड उतरवण्याची तयारी.

व्हॉल्व्ह उघडा की बंद हे अंदाजाने ठरवू नका. उजव्या बाजूचं टॅपेट कव्हर काढा, एकाच नटावर असतं. आत दोन पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उभ्या दांड्या दिसतील. कार्बोरेटरकडची, म्हणजे इनलेटची पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवून बघा. मोकळी फिरली तर व्हॉल्व्ह बंद आहे. घट्ट असेल तर उघडा आहे, आणि तुमचं सामान एव्हाना सिलिंडरमध्ये असू शकतं. टॅपेट कव्हरचा तो नट लगेच ताटलीत टाका. एक पडलाय तेवढा पुरे.

ताटलीवरून आठवलं. स्टीलची जेवणाची ताटली घ्या, पांढरं फडकं अंथरून. डबी नको, झाकण नको, खिसा तर नकोच.

आता मुख्य काम, जे मी केलं नव्हतं. पडलेल्या नटाचा जोडीदार, म्हणजे कार्बोरेटरच्या दुसऱ्या स्टडवरचा (आट्यांच्या दांडीवरचा) नट, वॉशरसकट ताटलीत ठेवा आणि नीट बघा. त्याच्याखाली काय होतं? नुसता स्प्रिंग वॉशर, की साधा चपटा वॉशरही? मागच्या मिस्त्रीने एका बाजूला दोन घातले असतील, तर त्या बाजूच्या फ्लँजवर (कार्बोरेटरच्या, नट आवळतो त्या चपट्या कडेवर) गोल घासल्याची खूण बघा. कागदावर लिहा: आत गेलेलं सामान, नट एक, वॉशर इतके. खरंच लिहा. डोक्यात ठेवलं की नट सापडल्याच्या आनंदात डोकं रिकामं होतं. माझं झालं होतं.

त्याच जोडीदाराला चुंबक लावून बघा. चिकटला तर बरं. पितळी किंवा स्टेनलेसचा असेल तर चुंबकाने तासभर मासे मारत बसलात तरी हाती काही लागणार नाही. नट लोखंडी आणि वॉशर पितळी असंही असतं. म्हणून दोन्ही तपासा, वेगवेगळे.

चुंबक रेडिओच्या एरियलसारखा लांब होणारा घ्या. पुण्यात जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी मिळून जातो, नाना पेठेत नवा मिळतो. त्याची खोड अशी, की तो नटापेक्षा आधी व्हॉल्व्हलाच चिकटतो आणि तुम्हाला वाटतं गळाला लागलं. उपाय सोपा आहे. कांडीवर सलाइनच्या नळीचा तुकडा चढवा, नुसतं टोक बाहेर ठेवा. मग तो कडेला ओढला जात नाही. हेडची वाट अॅल्युमिनियमची, तिथे चिकटण्याचा प्रश्नच नाही. सिलिंडरमध्ये उतरलात तर मात्र चारी बाजूंनी लोखंड आहे, तिथे ही नळी नसेल तर वेड लागेल.

चुंबकाला न लागणाऱ्या वस्तूसाठी सायकलचा जुना स्पोक, टोकाला घट्ट ग्रीसचा गोळा. हलकेच टेकवा, दाबू नका, सावकाश वर घ्या. मोबाइलला लागणारा लांब वायरचा कॅमेरा मिळाला तर उत्तम, नाहीतर बारीक टॉर्च आणि धीर. हवेचा पाइप आणू नका. पंक्चरवाल्याचा काँप्रेसर समोर दिसतो म्हणून मोह होतो, पण फुंकर आत जाते आणि सामानही तिच्याबरोबर आत जातं. काठीने ढोसणंही नको.

नट आला? छान. ताटलीत ठेवा. आता कागद बघा. वॉशर?

मी इथेच घोळ केला. नट पुसला, कार्बोरेटर बसवला, डब्यातला नवा वॉशर घातला (इथे तरी प्रश्न पडायला हवा होता, की नवा का लागतोय), डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) दाबून इंजिन जागेवर आणलं आणि किक मारली. दुसऱ्या किकला सुरू झाली. चार ठोके नेहमीचे, मग "टक" आणि मग असा आवाज, की स्टीलच्या डब्यात कोणी खिळा हलवतंय. बंद करेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. हेड उतरवलं तेव्हा पिस्टनच्या टाळूवर वॉशरचा ठसा होता, इतका स्वच्छ की स्प्रिंग वॉशरची ती तिरपी चीरसुद्धा उमटलेली. बाजूला अर्धा ठसा, परत एक, चंद्रकोरीसारखा. इनलेट व्हॉल्व्ह वाकला होता. मिस्त्रीमामांनी सगळं बघितलं, हात पुसले आणि एवढंच विचारलं, "नट काढलास ना? मग वॉशर कुणाचा?"

व्हॉल्व्ह उघडा निघाला, किंवा वॉशर वाटेत कुठेच दिसत नसेल, तर तो सिलिंडरमध्ये गेला असं धरून चाला. प्लग काढा, त्या भोकातून कॅमेरा आणि चुंबक घाला. पिस्टन खाली असेल तर वस्तू खोल असते, 90 मिलिमीटरचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव आहे. पिस्टन वर आणायचा मोह होईल. व्हॉल्व्हच्या सीटवर (तो बंद होताना टेकतो त्या कड्यावर) काही अडकलेलं नाही याची खात्री झाल्याशिवाय आणू नका, आणि आणलात तर चौथ्या गिअरमध्ये मागचं चाक हाताने फिरवून, केसभर केसभर. जरा अडलं की थांबा. किक नाही. स्प्रिंग वॉशर तुटून दोन तुकडे झालेले असू शकतात, म्हणून बाहेर आलेला तुकडा ताटलीतल्या जोडीदाराशेजारी ठेवून ताडून बघा. वर्तुळ पूर्ण होतंय का?

नाही झालं तर हेड उतरवा. पेट्रोल बंद, टाकी बाजूला, एक्झॉस्ट, रॉकर, पुशरॉड काढून त्यांवर इनलेट-एक्झॉस्टची खूण करा, हेड गॅस्केट नवंच. हे सगळं तुम्हाला माहीत असेल, नसेल तर इथेच थांबून मिस्त्रीला बोलवा.

परत बसवताना भोकात बोळा कोंबला असेल तर तो काढा. लाल चिंधीचा असावा, शेपूट बाहेर. टॅपेट कव्हर, कार्बोरेटर, नट. पहिल्या दोन-तीन किक प्लग काढूनच, पायाने नव्हे, हाताने दाबून, कान लावून. मग प्लग.

किकवर पाय ठेवण्याआधी कागद आणि ताटली. कागदावरच्या प्रत्येक ओळीवर काट मारलेली हवी, वॉशरच्याही.