भाड्याची गाडी, गारा आणि पूर : या चुका टाळा

"गारा काय मी पाडल्या?" गाडी भाड्याने देणाऱ्या काउंटरवर बसून हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय, की समोरच्याचा चेहरा बघूनच आता तो कळतो. नाही हो, तुम्ही नाही पाडल्या. पण भाड्याचा करार बहुतेक वेळा चूक कोणाची हे विचारतच नाही, गाडी कोणाच्या ताब्यात होती एवढंच बघतो. चावी घेतल्यापासून गाडी रीतसर परत करेपर्यंत तिच्यावर गारा पडोत, झाड पडो, पाणी शिरो, हिशेब आधी तुमच्या नावावर लागतो. पुढे तो खर्च कंपनी उचलणार, विमा उचलणार, भाडं भरलेलं क्रेडिट कार्ड उचलणार की तुमचा खिसा, हे सही करताना तुम्ही काय घेतलंत आणि काय नाकारलंत त्यावर ठरतं. सही मात्र लोक अशी करतात, जणू मागे बस सुटते आहे.

"सीडीडब्ल्यू घेतलाय, आता चिंता नाही"

सीडीडब्ल्यू, म्हणजे कोलिजन डॅमेज वेव्हर, हा बहुतेक ठिकाणी विमा नसतोच. गाडीचं नुकसान झालं तर ठरावीक रकमेच्या वर आम्ही तुमच्याकडे मागणार नाही, एवढंच कंपनीचं म्हणणं असतं. त्या रकमेपर्यंतचा खर्च तुमचाच. त्याला कुठे एक्सेस म्हणतात, कुठे डिडक्टिबल. ती रक्कम तुमच्या कार्डावर आधीच अडकवून ठेवलेली असते, त्यामुळे वसूल करायला कंपनीला तुमच्या परवानगीची वाट बघावी लागत नाही.

खरी गंमत वगळलेल्या भागांत आहे. युरोपातल्या कितीतरी करारांत काचा, टायर, गाडीचा तळ आणि छप्पर साध्या वेव्हरमधून बाहेर काढलेले असतात. आता सांगा, गारा कुठे पडतात? छपरावर आणि काचेवर. पाणी कुठून शिरतं? तळाकडून. म्हणजे हवामान जिथे मारतं नेमकं तेच वगळलेलं. माझी सवय अशी, की करार हातात आला की "यात काय येतं" ते पान सोडून थेट "यात काय येत नाही" ते पान उघडायचं. पहिलं पान जाहिरात असते.

आइसलँडला जाणाऱ्यांनी तर हे दोनदा वाचावं. तिथे वाऱ्याने उडणारी वाळू आणि राख गाडीचा रंग अक्षरशः खरवडून काढते. त्यासाठी वेगळं संरक्षण विकतात, साध्या वेव्हरमध्ये ते येत नाही. आणि वाऱ्याने दार उलटं फिरून बिजागरी वाकली, तर तो खर्च सहसा या वेगळ्या संरक्षणातही बसत नाही, कारण कंपनीच्या मते दार तुम्ही उघडलंत. नाक वाऱ्याकडे करून गाडी लावा, एका वेळी एकच दार उघडा, आणि ते हाताने धरून उघडा. याला पैसे पडत नाहीत.

रात्री चावी पेटीत टाकून निघून जाणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती शहाणी माणसं करतात.

एक गृहस्थ होते, अगदी टापटीप. शनिवारी रात्री ऑफिस बंद झाल्यावर आले, गाडी आवारात लावली, बंद ऑफिसबाहेर चाव्यांसाठी ठेवलेल्या पेटीत चावी टाकली आणि विमानतळावर गेले. रविवारी दुपारी गारांचा मारा झाला. सोमवारी सकाळी आम्ही पेटी उघडली. गाडी ओली होती, वरवर बघता धड दिसत होती. पुसून शेडमध्ये घेतली, ट्यूबलाइटचा उजेड तिरपा पडला, तेव्हा बॉनेटवर खळगे दिसायला लागले. तळहात फिरवला तर बोटांना एकेक लागत होता. छप्पर त्याहून वाईट.

त्यांचा फोन आला तो तावातच. "गाडी मी शनिवारी परत केली. रविवारच्या गारा तुमच्या आवारात पडल्या." तर्क बिनतोड होता. करार मात्र वेगळं सांगत होता : ऑफिस बंद असताना ठेवलेली गाडी, कर्मचारी ऑफिस उघडून तपासेपर्यंत भाडेकरूच्या जबाबदारीवर. खाली त्यांचीच सही. बिलात दुरुस्ती आली. गारांचे खळगे रंग न मोडता मागून दाबून काढतात, आणि त्याचे पैसे खळग्यांची संख्या आणि आकार बघून लावतात. शिवाय गाडी गॅरेजमध्ये असताना बुडालेलं भाडं आलं आणि वर कागदपत्रांचा खर्च. वेव्हर घेतलेला असूनही एक्सेसची पूर्ण रक्कम त्यांच्या खिशातून गेली. त्यांनी गाडी लावतानाचा एकही फोटो काढला नव्हता. असता तरी कलम बदललं नसतं, पण शनिवारी रात्री गाडी धड होती एवढं दाखवून रक्कम कमी करायला माझ्या वरिष्ठांशी निदान बोलता आलं असतं.

विमान पहाटेचं असेल तर आदल्या संध्याकाळी, ऑफिस उघडं असताना गाडी द्या आणि टॅक्सीने जा. टॅक्सीचे पैसे वाचवायला म्हणून लोक पेटी वापरतात. वाचवा बापडे.

पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करून बघणं

पाणी साचलेल्या रस्त्यात गाडी घातली, इंजिन बंद पडलं, की माणूस पहिलं काय करतो? बटण दाबतो. पुन्हा दाबतो. हवा ओढायच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येऊन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी नुसती बुडली असती तर गालिचे, वायरिंग, फार तर सेन्सर गेले असते. तुम्ही तीनदा बटण दाबून इंजिन घालवलंत.

आणि इथेच पैशांची बाजू उलटते. उभ्या गाडीत पुराचं पाणी शिरलं तर ती आपत्ती. दिसणाऱ्या पाण्यात गाडी घातली, किंवा भिजलेलं इंजिन फिरवलं, तर तो हलगर्जीपणा, आणि हलगर्जीपणा ठरला की बहुतेक वेव्हर पूर्णच गळून पडतो. एक्सेसची मर्यादाही उरत नाही. वर्कशॉपवाल्याला वाकलेला रॉड बघून काय झालं ते कळतं, त्याला गोष्टी सांगू नका. गाडी बंद पडली की इग्निशन बंद करा, सुरक्षित असेल तर बाहेर पडा, कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करा आणि टो करायला सांगा. स्वतःचा मेकॅनिक बोलावू नका, त्यानेही करार मोडतो.

बंद केलेल्या रस्त्याचा अडथळा बाजूला सारून पुढे जाणाऱ्यांना मला काही सांगायचं नाही.

बाकीच्या, थोडक्यात

क्रेडिट कार्डावर भाड्याच्या गाडीचं संरक्षण आहे म्हणून निर्धास्त राहणं : पूर्ण भाडं त्याच कार्डाने भरलं नाही, किंवा कंपनीचा वेव्हरही घेतला, तर बहुतेक कार्डांचं संरक्षण लागूच होत नाही. काही देश आणि मोठ्या गाड्याही वगळलेल्या असतात. निघण्याआधी कार्डवाल्यांना विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

घरच्या पॉलिसीवर विसंबणं : अमेरिकेत टक्कर एका कलमात येते, तर गारा, पूर आणि पडलेलं झाड दुसऱ्या, 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' कलमात. तुमच्याकडे ते दुसरं कलम नसेल तर भाड्याच्या गाडीलाही ते मिळणार नाही.

करारात नाव नसलेल्या मित्राला चालवायला देणं. वादळ आलं काय, न आलं काय, संरक्षण गेलं.

गोठलेल्या काचेवर उकळतं पाणी ओतणं. काच तडकते, आणि ते हवामानाचं नुकसान धरत नाहीत.

ओल्या गाडीचा ताबा घेणं : थेंबांखाली जुने खळगे लपतात. मी स्वतः कुठे गाडी भाड्याने घेतो तेव्हा ती पुसायला लावतो, वाकून तिरप्या उजेडात छप्पर बघतो, व्हिडिओ काढतो, आणि प्रत्येक खूण कर्मचाऱ्याकडून कागदावर लिहून घेतो. मागचे लोक कुरकुरतात, कुरकुरू देत.

नुकसान झाल्यावर "परत करताना सांगू" म्हणणं : त्याच दिवशी कळवा. उशीर हेच दावा नाकारायचं सोपं कारण असतं.

आणि बिल आलंच, तर लगेच भरू नका, लगेच भांडूही नका. दुरुस्तीचा तपशीलवार अंदाज, नुकसानीचे फोटो आणि गाडी नेमके किती दिवस रस्त्यावर नव्हती याची नोंद मागा. बुडालेल्या भाड्याचा आकडा बऱ्याचदा फुगवलेला असतो, आणि नोंद मागितली की तो खाली येतो.