मानद नायब सुभेदारी: आधी डिस्चार्ज बुक उघडा

फौजेत क्लार्की केली, म्हणून पेन्शनर मंडळी कागदांची पिशवी घेऊन माझ्याच ओसरीवर येतात. प्रश्न ठरलेला: "साहेब, मानद नायब सुभेदारी मिळेल का?"

मिळेल का, ते नंतर. मिळाली होती का, ते आधी बघा. हवालदार म्हणून निवृत्त होणाऱ्याला सेवेची नोंद पाहून हा त्याच्या वरचा हुद्दा मानाने देतात. डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौज सोडताना मिळालेल्या सेवेच्या पुस्तिकेत, 'मानद' अशी नोंद शोधा. शाई पुसट असेल तर उन्हात धरून वाचा.

नोंद सापडली की पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, काढा. 1 जानेवारी 2006 पासून अशा हवालदारांची पेन्शन नायब सुभेदाराच्या हिशोबाने ठरते. त्याआधी निवृत्त झालेल्यांनाही हक्क आहे, तो सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलाय. ग्रॅच्युइटी मात्र नव्याने मोजत नाहीत, उगाच आशा नको.

पीपीओत साधा हवालदारच लिहिलाय? बँकेत भांडू नका, पेन्शन पीपीओप्रमाणेच मिळते. आपल्या रेकॉर्ड ऑफिसला (रेजिमेंटच्या सेवा-नोंदी ठेवणारं कार्यालय) आर्मी नंबर, डिस्चार्ज बुक आणि पीपीओची प्रत जोडून स्पीड पोस्टाने दुरुस्तीचा अर्ज पाठवा. पावती जपा.

मानद लेफ्टनंट, कॅप्टन हे प्रकरण वेगळं. ते जेसीओंसाठी, म्हणजे नायब सुभेदार ते सुभेदार मेजर यांच्यासाठी; नावं 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टच्या यादीत येतात.