मीटरच्या नोंदी हाताळणारा कोड कसा लिहावा

वीजक्षेत्रासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचा बराचसा दिवस नवे काही घडवण्यापेक्षा ‘पहाटे अडीचची नोंद दोनदा का दिसते’ अशा प्रश्नांचा माग काढण्यातच जातो. त्यामुळे कोणती प्रोग्रॅमिंग भाषा श्रेष्ठ, या वादात मला फारसा रस उरलेला नाही. वेळ आणि एकक यांची शिस्त असलेला कोड कोणत्याही भाषेत टिकतो.

सुरुवात वेळेपासून करावी. डेटाबेसमध्ये वेळ नेहमी यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत, साठवावी आणि स्थानिक वेळ केवळ दाखवण्यापुरती काढावी. दर 15 मिनिटांनी नोंद येत असेल, तर दिवसाला 96 नोंदी होतात; परंतु जेथे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात, तेथे वर्षातला एक दिवस 92 नोंदींचा आणि एक दिवस 100 नोंदींचा असतो. वरच्या प्रश्नातली अडीचची नोंद अशाच दिवशी, घड्याळ तीनवरून पुन्हा दोनवर आणल्यामुळे, दोनदा येते आणि त्या दोन्ही नोंदी खऱ्या असतात. म्हणून 96 हा आकडा कोडमध्ये थेट लिहू नये. तसेच 10:15 ही वेळ कालखंडाच्या आरंभाची की शेवटाची, हे स्तंभाच्या नावातच स्पष्ट करावे, अन्यथा दोन प्रणालींचे आकडे एका कालखंडाने सरकतात.

एककही नावातच असावे. 15 मिनिटांत 2 किलोवॅट-तास वीज वापरली, तर त्या काळातील सरासरी मागणी 8 किलोवॅट होते. चलाचे नाव नुसते ‘मूल्य’ ठेवले की ही चारपटीची चूक लपून राहते.

मीटरवरचा आकडा चढता असतो, म्हणून वापर वजाबाकीने काढावा लागतो. सहा अंकी मीटर 999990 वरून 000015 वर आला, तर उत्तर ऋण नसून 25 युनिट आहे. मात्र आकडा घसरला की मीटर शून्यावरून फिरला, असे सरसकट गृहीत धरणे घातक असते. 45210 नंतर 3 दिसले, तर बहुधा मीटर बदललेला असतो आणि आंधळे सूत्र ग्राहकाच्या माथी 9,54,793 युनिट मारते. त्यामुळे वजाबाकीपूर्वी मीटरचा अनुक्रमांक जुळतो का, हे तपासावे.

न आलेल्या नोंदीच्या जागी शून्य भरू नये. शून्य म्हणजे वीज वापरली नाही आणि रिकामी जागा म्हणजे ठाऊक नाही. मी एकदा या दोहोंची गल्लत केली होती आणि संपर्क तुटलेली घरे अहवालात बंद घरे म्हणून मोजली गेली. अंदाजाने आकडा भरायचाच असेल, तर तो अंदाज आहे अशी खूण वेगळ्या स्तंभात ठेवावी.

मूळ नोंद कधीही पुसू नये किंवा बदलू नये. दुरुस्त आकडा नवी आवृत्ती म्हणून जोडावा आणि तोच संदेश पुन्हा आला, तर दुसरी ओळ तयार होणार नाही अशी अट डेटाबेसमध्येच घालावी. बिलावर तक्रार आली की त्या दिवशी कोणत्या आवृत्तीवरून आकारणी झाली, हे एका साध्या क्वेरीने सांगता आले पाहिजे.