जमिनीत सापडलेल्या सुट्या दातावरून घोडा ओळखताय? या चुका टाळा

घोड्याची दाढ उभ्या खांबासारखी असते. आजच्या घोड्यात न झिजलेली दाढ ७-८ सेंटिमीटर उंच भरते. तिचा बराचसा भाग जबड्यात दडलेला असतो, आणि वरून झिजेल तशी ती बाहेर सरकत राहते. म्हणजे घासणाऱ्या बाजूवर एनॅमलची (दाताच्या कठीण, चकचकीत थराची) जी नक्षी दिसते, तो त्या खांबाचा त्या वेळचा काप. चार वर्षांनी पाहिली असती तर तीच दाढ वेगळी दिसली असती.

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते: नक्षी पाहिली की लगेच जातीचं (स्पीशीजचं) नाव. वरच्या दाढेच्या मधोमध एनॅमलची दोन बेटं असतात. अर्धवट झिजलेल्या दाढेत त्यांच्या कडांना भरपूर चुण्या दिसतात, मुळाजवळ त्या जवळजवळ सपाट होतात. दाढेची लांबीही खाली कमी होत जाते. मग तरुण घोडा एक जात आणि म्हातारा घोडा दुसरी, असं सहज घडतं. उत्तर अमेरिकेत हिमयुगीन घोड्यांच्या ५० हून अधिक जाती नोंदवल्या गेल्या, त्यांतल्या कित्येक सुट्या दातांवर. पुढे प्राचीन डीएनए तपासला तेव्हा खऱ्या जाती मोजक्याच असाव्यात असं दिसू लागलं. म्हणून आधी दाढेची उरलेली उंची मोजा आणि तितक्याच झिजलेल्या दाढेशी तुलना करा. लांबी-रुंदी वरच्या बाजूला घ्याच, पण मुळापासून साधारण १ सेंटिमीटरवरही घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

दुसरी गोष्ट प्रोटोकोनची. वरच्या दाढेत जिभेकडच्या बाजूला असलेला हा उंचवटा हिप्पॅरियनमध्ये (नामशेष झालेल्या तीन बोटांच्या घोड्यांत) सुटा, बेटासारखा असतो; इक्वसमध्ये (आजचे घोडे, गाढवं, झेब्रे ज्या गटात येतात त्यात) तो उरलेल्या नक्षीला जोडलेला असतो. खूण उत्तम आहे, पण आंधळेपणानं वापरू नका. हिप्पॅरियनची दाढ अगदी मुळापर्यंत झिजली, किंवा दात रांगेतला सर्वांत पुढचा, तिकोनी असला, तर प्रोटोकोन जोडलेला दिसू शकतो. दात मिळाला त्या थराच्या वयावरही सगळा भार टाकू नका. जुन्या जगात (आशिया, युरोप, आफ्रिकेत) हिप्पॅरियन सुमारे १ कोटी १० लाख वर्षांपूर्वी पोचले आणि इक्वस सुमारे २६ लाख वर्षांपूर्वी, पण त्यानंतरच्या थरांत दोघेही एकत्र सापडतात.

खालच्या दाढेत जिभेकडे एनॅमलची जोडगाठ दिसते. दोन गाठींमधली खाच व्ही आकाराची असेल तर झेब्रा-गाढवाकडचा घोडा, यू आकाराची असेल तर खऱ्या घोड्याकडचा, असा ढोबळ नियम आहे. गालाकडून आत येणारी खाच झेब्र्याच्या दाढांत खोल जाते, खऱ्या घोड्याच्या दाढांत सहसा उथळ राहते. गोची अशी की उपदाढांत (दाढांच्या पुढे असणाऱ्या दातांत) ती झेब्र्यातही उथळच असते. त्यामुळे उपदाढेची तुलना दाढेशी केलीत तर सगळं उलटं निघेल. सुटा दात नेमका रांगेतला कितवा हे आधी ठरवा. रांगेतल्या सहांपैकी मधल्या चारांत हे अवघड जातं. उपदाढा जास्त चौकोनी आणि थोड्या मोठ्या असतात, एवढ्यावर अंदाज बांधावा लागतो.

दुधाचे दातही फसवतात. ते बुटके, लांबट, पातळ एनॅमलचे असतात, आणि नवशिक्याला ते एखाद्या जुन्या, छोट्या घोड्याचे वाटतात. बैलाची किंवा गव्याची दाढ घोड्याची समजणं तर नेहमीचंच. तिच्यात चंद्रकोरीसारख्या साध्या रेषा असतात आणि दोन भागांच्या मध्ये एक छोटा सुटा खांब असतो. घाईत त्यालाच प्रोटोकोन समजून हिप्पॅरियनची नोंद करणारे भेटतात.

शेवटी, दात कुठल्या थरातून आला? काळा पडलेला म्हणजे जीवाश्म, असं नाही; नदीकाठच्या चिखलात अलीकडच्या घोड्याचा दातही काळवंडतो. १८३३ मध्ये डार्विनला अर्जेंटिनातल्या सांता फे भागात नामशेष प्राण्यांच्या हाडांबरोबर घोड्याचा दात मिळाला. स्पॅनिश लोक येण्याआधी तिथे घोडा नव्हता असंच तेव्हा सगळे मानत. म्हणून तो दात त्या हाडांच्याच काळातला आहे ना, हे डार्विननं बारकाईनं तपासलं. थराची नोंद नसलेला एकच झिजका दात हाती असेल, तर चिठ्ठीवर ‘इक्वस, जात अनिश्चित’ लिहून पेटीत ठेवा. जोडीला जबडा किंवा पायाचं हाड मिळालं, तर पुन्हा काढता येईल.