जुनं पोर्तुगीज मँडोलिन: पारखावं कसं, वाजतं करावं कसं

जुन्या वाद्यांच्या बाजारात मँडोलिन शोधायला गेलात की आधी पुढ्यात येतात ती नापोलीची, भोपळ्यासारख्या गोल पाठीची वाद्यं. दिसायला देखणी, पण बसून वाजवायला लागलं की मांडीवरून घसरतात. पोर्तुगालमधलं मँडोलिन, म्हणजे तिथलं बांदोलिम, पाठीला सपाट किंवा अगदी किंचित फुगीर असतं, पोटाला रुंद असतं आणि छातीशी नीट बसतं. तारा आठ, दोन-दोनच्या चार जोड्या. ज्याला जुनं वाद्य घेऊन खरोखर वाजवायचं आहे त्यानं सुरुवात इथून करावी. फाडो या पोर्तुगीज गाण्यांना साथ करणारी बारा तारांची गितार्रा कितीही खुणावत असली तरी ती दुसऱ्या खेपेला.

इंटरनेटवर शोधताना एक घोळ हमखास होतो. पोर्तुगीजमध्ये ‘गितार्रा’ म्हणजे ती नासपतीच्या आकाराची बारा तारांची. आपण ज्याला गिटार म्हणतो त्याला तिकडे ‘व्हियोला’ म्हणतात. हे माहीत नसेल तर भलत्याच वाद्याची किंमत ठरवत बसाल.

आधी दांडी बघा

विकणारा आधी शिंपल्याची नक्षी दाखवतो, मग लेबल दाखवतो. तुम्ही दांडी बघा. जुन्या बांदोलिमच्या दांडीत आजच्या गिटारसारखी फिरवून सरळ करायची लोखंडी सळई नसते. आठ पोलादी तारा मिळून 70 किलोच्या आसपास ओढ देतात. ही ओढ अनेक दशकं सोसून दांडी पुढे वाकली असेल किंवा सांध्यातून उचकटली असेल, तर ती परत बसवायचा खर्च कधीकधी वाद्याच्या किमतीपेक्षा जास्त होतो.

तपासणी सोपी आहे. एक सरळ पट्टी पडद्यांवर, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, उभ्या कडेनं ठेवा आणि तारा पेलणाऱ्या घोडीकडे सरकवा. पट्टीचं टोक घोडीच्या माथ्याशी किंवा त्याच्या जरासं खाली टेकलं तर ठीक. घोडीच्या मध्याच्याही खाली गेलं तर वाद्य न घेता परत करा. दुसरं माप बाराव्या पडद्यावरचं. तार आणि पडदा यांत दीड-दोन मिलिमीटर अंतर उत्तम, अडीचपर्यंत चालवून घेता येतं. तीनच्या वर असेल आणि घोडी आधीच घासून बुटकी केलेली असेल, तर पुढे काही करायला जागाच उरलेली नसते. समोर जाऊन बघणं शक्य नसेल तर विक्रेत्याकडून या दोन मापांचे बाजूनं काढलेले फोटो मागा. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

मग तबली, म्हणजे वाद्याची पुढची फळी. लाकडाच्या रेषेत गेलेली चीर घाबरण्यासारखी नसते, ती सांधता येते. घोडीखाली तबली खचली असेल तर मात्र विचार करावा. बोटाच्या पेरानं तबलीवर सगळीकडे हलकेच ठोका. कुठे खरखर ऐकू आली तर आतली आडवी पट्टी सुटलेली आहे. टाचणीएवढी भोकं दिसली तर वाद्य पांढऱ्या कागदावर धरून थोपटा. ताजा भुसा पडला तर किडा अजून आत आहे, आणि तो तुमच्या घरातल्या बाकीच्या लाकडापर्यंतही पोचेल. आधीच्या कुणी चिरा इपॉक्सीनं भरल्या असतील तर किंमत खाली आणा. जुनी वाद्यं सरसानं जोडलेली असतात. सरस ऊब आणि ओल दिली की सुटतो, म्हणून दुरुस्ती पुन्हा उघडता येते. इपॉक्सीची येत नाही.

लेबल शेवटी वाचा, पण कान देऊन वाचा

पोर्तोचा अँतोनियो दुआर्ते, लिस्बनचं कुस्तोदियो कार्दोझो परेरा, ग्रासियो घराणं, ही नावं लेबलवर दिसली की किंमत चढते. नावापेक्षा मला लेबलावरच्या बारीकसारीक गोष्टी अधिक विश्वासाच्या वाटतात. पोर्तुगालमधली राजेशाही ऑक्टोबर 1910 मध्ये संपली, त्यामुळे ‘कासा रेआल’ म्हणजे राजघराण्याचे पुरवठादार असा उल्लेख असेल तर लेबल बहुधा त्याआधी छापलेलं. 1911 मध्ये पोर्तुगीज शुद्धलेखन बदललं. ‘ऑफिसिना’ म्हणजे कार्यशाळा, या शब्दात दोन एफ छापलेले असतील तर ते जुनं वळण. त्याच वर्षी चलन रेइसवरून एस्कुदोवर गेलं, म्हणून आत पेन्सिलीनं किंमत लिहिलेली सापडली तर तीही काळ सांगते. प्रदर्शनातल्या पदकाचं साल छापलं असेल तर वाद्य त्याच्याआधीचं असूच शकत नाही. अर्थात छापलेली लेबलं कारखान्यात वर्षानुवर्षं पडून असायची आणि वापरली जायची, तेव्हा दोन-तीन खुणा एकमेकींशी जुळल्या तरच काळ पक्का धरा.

परदेशातून मागवणार असाल तर पैसे भरायच्या आधी लाकूड विचारा. धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात ब्राझिलियन रोजवुड 1992 पासून आहे, कासवाचं कवचही त्याच परिशिष्टात येतं. तारांखालची ती तपकिरी ठिपकेदार चकती खऱ्या कवचाची आहे की सेल्युलॉइडची, हे ठरवायला ती पेटवून बघायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, सेल्युलॉइड भपकन पेटतं. कागदपत्रं नसलेलं वाद्य सोडून देणं बरं.

तारा चढवणं

वाद्य घरी आलं की खोकं एक दिवस न उघडता खोलीत राहू द्या, लाकडाला नव्या हवेची सवय होऊ द्या. तारा एकदम सगळ्या काढायच्या नाहीत. घोडी तबलीला चिकटवलेली नसते, फक्त तारांच्या दाबानं उभी असते. एक-एक जोडी बदलत जा. तारा सगळ्यात हलक्या घ्या. इंचाच्या हजाराव्या भागांच्या मापात 10 ते 34 चा संच वरची मर्यादा समजा, 9 ते 32 मिळाला तर अधिक बरा. आजचे दणकट अमेरिकन संच जुन्या तबलीसाठी नाहीतच.

सूर जी-डी-ए-ई, खालून वर, म्हणजे व्हायोलिनचेच. आपल्या भाषेत प्रत्येक तार आधीच्या तारेचा पंचम. व्हायोलिन शिकलेल्याचा डावा हात इथे पहिल्याच दिवशी रुळतो. मग घोडीची जागा. बाराव्या पडद्यावर तार दाबून वाजवा आणि त्याच जागी नुसतं स्पर्शून वाजवा. दाबलेला सूर चढा असेल तर घोडी जराशी मागे, उतरा असेल तर पुढे. जमली की पेन्सिलीनं बारीक खूण करा.

दुरुस्तीसाठी लांब जायची गरज नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याच्या कारागिरांचा हात सरस, तबली आणि पडदे यांवर बसलेला असतो. फक्त एक गोष्ट निक्षून सांगा: घोडीला जवारी काढायची नाही. मँडोलिनच्या तारेला घोडीवर टोकदार कड लागते, रुंद पसरट माथा केला की ते भणभणायला लागतं.

वाजवायला

पहिला महिना एकाच गोष्टीला द्या, थरथरत्या सुराला. मँडोलिनचा सूर चटकन विझतो, तो धरून ठेवायचा तर जवा, म्हणजे तार छेडायची पट्टी, वरखाली भराभर फिरवावा लागतो. मनगट सैल, जवा एक मिलिमीटरच्या आसपास जाड, टोक गोलसर. आधी मेट्रोनोम सावकाश लावून ठोक्याला चार आघात, मग सहा, मग आठ. वेग आपोआप येतो, सारखेपणा मात्र मुद्दाम कमवावा लागतो. गोव्यातल्या कुणाला घरचे मांडे, म्हणजे तिथली कोंकणी गाणी, पाठ असतील तर सरावाला त्याहून चांगलं काही नाही, संथ लय आणि लांब सूर.

आता गितार्रा

वर्षभरानंतरही हौस टिकली तर गितार्रा बघा. लिस्बनच्या वाद्याचं डोकं गोगलगायीसारखं वळलेलं, कोइंब्रा या दुसऱ्या पोर्तुगीज शहरातल्या वाद्याचं अश्रूच्या थेंबासारखं. लिस्बनचे सूर वरून खाली बी-ए-ई-बी-ए-डी, कोइंब्राचे त्याहून एक स्वर उतरे. कोइंब्राच्या तारेची लांबी 470 मिलिमीटरच्या आसपास, लिस्बनच्या 440 च्या. म्हणून कोइंब्राचं जुनं वाद्य लिस्बनच्या सुराला चढवू नका, तबली तुमच्यावर राग काढेल. गितार्रावादक कार्लोस पारेदेश ज्या भारदस्त आवाजासाठी ओळखले गेले ते हे कोइंब्राचं वाद्य.

खुंट्यांच्या जागी पंख्यासारखी पसरलेली बारा पितळी स्क्रूंची चकती असते. स्क्रू अडला तर पक्कड लावायची नाही. शिवणयंत्राचं तेल एक थेंब, एक रात्र, मग पुन्हा बघा. तारेचा फास हातानं वळावा लागतो आणि तो ज्यात अडकतो त्या, स्क्रूनं सरकणाऱ्या आकड्याला जागा थोडीच असते. फास लांब झाला तर आकडा शेवटपर्यंत जातो, तार मात्र सुराला येत नाही. दोन-चार तारा वाया जातील असं गृहीत धरूनच जास्त मागवा.

उजव्या हाताला अंगठा आणि तर्जनी एवढीच बोटं लागतात, दोन्हींवर नखी. सुरुवात ‘फाडो कोरिदो’पासून करा, त्याला दोन कॉर्ड पुरतात. गोव्यात सोनिया शिरसाट यांच्यासारख्या गायिकांच्या मैफिली होतात. तिथे पुढच्या रांगेत बसून गितार्रा वाजवणाऱ्याच्या फक्त तर्जनीकडे बघा, ती दोन्ही दिशांनी कशी चालते ते.

पावसाळा

कोकण-गोव्यात जून ते सप्टेंबर ही खरी परीक्षा. लाकडाला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. वाद्य भिंतीवर टांगू नका, बंद पेटीत सिलिका जेल आणि लहानसा आर्द्रतामापक घालून ठेवा. जेल मध्येमध्ये गरम करून वाळवा. एसी दिवसा चालू, रात्री बंद, हे सततच्या ओलीपेक्षाही वाईट, कारण लाकूड रोज फुगतं आणि आकसतं. महिनाभर वाजवणार नसाल तर तारा एक-दीड स्वर उतरवा, पूर्ण सैल नको, घोडी पडेल.

संग्रह वाढवायचा तर

पोर्तुगालच्या मादेइरा बेटाची चार तारांची ब्रागिन्या घ्यावी असं माझं मत. लहान, ओढ कमी, जागा कमी. 1879 मध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाजातून मादेइराचे सुतार हवाईतल्या होनोलुलूला उतरले आणि त्यांनी नेलेल्या या वाद्यघराण्यातून उकुलेले घडलं. तुम्हाला उकुलेले येत असेल तरी बोटं नव्यानं बसवावी लागतील, कारण ब्रागिन्याचे सूर डी-जी-बी-डी आहेत. पोलादी तारांच्या ब्रागिन्याला नायलॉन चढवली तर आवाज मिटतो, आणि नायलॉनसाठी घडवलेल्या हलक्या उकुलेलेला पोलाद चढवलं तर घोडी उखडते. तार विकत घ्यायच्या आधी हातात नेमकं काय आहे ते एकदा नीट बघून घ्या.